एका वारेवरची दोघं

४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोनवर तुझा आवाज ऐकला की रडू फुटतं, म्हणून लिहिते. यांना सांगितलंय, पत्राचा फोटो काढून तुला पाठवतील.

परवा दुकानात कोटाचं अस्तर बेतताना सहज स्वतःच्या पोटाला टेप लावली. आठ दिवसांत चार इंच! सासूबाई म्हणाल्या, जुळं आहे, वाढणारच. पण इतकी वर्षं लोकांची मापं घेतेय, हे माप मला बरं वाटेना. तडक दवाखाना गाठला.

सोनोग्राफीवाल्या डॉक्टरीणबाईंनी पडदा माझ्याकडे वळवून दाखवलं. आत दोघांना पोसणारी वार एकच आहे. तिच्यातल्या रक्तवाहिन्या आपसांत जोडल्या गेल्यात आणि एकाचं रक्त दुसऱ्याकडे चाललंय. घेणाऱ्याभोवती पाणीच पाणी. देणाऱ्याभोवती जवळजवळ नाहीच. ते एका कडेला चिकटून बसलंय. त्याला मी चिमणं म्हणते, दुसरं ते मोठं. एकोणिसावा आठवडा आहे. काहीच केलं नाही तर बहुधा दोघंही हातची जातील म्हणाल्या. लेझरने त्या वाहिन्या बंद करता येतात, पण त्यातही एक जाऊ शकतं, दोन्हीही. चिमण्यासाठी मोठ्याला धोक्यात घालणारी मी कोण? ताई, सही करू का?

तुझी घाबरलेली,
ठमी

५ फेब्रुवारी

चि. ठमी हिस,
अनेक आशीर्वाद.

पत्र तीनदा वाचलं. नेमका आत्ताच पाय मोडून घ्यायचा होता मला! प्लास्टर निघायला दोन आठवडे आहेत, नाहीतर तुझ्या उशाशी असते.

लहानपणी माझ्या नव्या फ्रॉकला कात्री लावलीस, तेव्हापासून तुझ्या शिवणावर माझा राग होता. त्या टेपेपायी आज तो सोडला. अगं, तू सही केली नाहीस म्हणून मोठं सुरक्षित राहणार आहे का? ते रक्त आत्ता, तू हे वाचतेयस तेव्हाही चाललंय. सही कर.

दोघांवर आणि तुझ्यावर जीव लावून बसलेली,
ताई

८ फेब्रुवारी

ती. ताईंस,
सा. न. वि. वि.

मला पत्रं लिहायची सवय नाही, चुकलं तर सांभाळून घ्या. काल लेझर झालं. ठमी जागीच होती. बाहेरच्या बाकावर दीड तास मी भिंतीवरची एकच सूचना वाचत होतो, काय लिहिलं होतं विचाराल तर आठवत नाही.

सगळ्या वाहिन्या बंद झाल्यात. आज दोन्ही हृदयं चालू आहेत, चिमण्याभोवती थोडं पाणीही दिसलं. ठमी तेवढ्यावर हसली. पण डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं की मोठ्याचं हृदय जास्तीचं रक्त ओढून पार थकलंय. ठमीला मी हे बोललेलो नाही. काय करू?

आपला,
मेहुणा

८ फेब्रुवारी

भाऊजींना आशीर्वाद.

आजच सांगा. जे काय व्हायचं ते तिच्याच पोटात होणार आहे, तिला शेवटी कळून कसं चालेल? सांगताना बाकावर नका बसू, तिच्याजवळ बसा.

ताई

२० मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मोठं तिसऱ्या दिवशी गेलं, हे यांनी तुला कळवलं होतं. तू येऊन महिनाभर राहिलीस तरी त्यावर मी चकार शब्द काढला नाही, आणि तूही विचारलं नाहीस. सगळं लक्ष चिमण्याकडे, आणि गेलं ते मोठं. वाहिन्या बंद होत्या म्हणून चिमण्याला त्याचा धक्का बसला नाही. पण मला कुठे धीर होता! दर सोनोग्राफीला मी डोळे मिटून पडायची, ठोके ऐकू आले की मगच उघडायची. तीन महिने दोघांना घेऊन वावरले, एक हलणारं, एक न हलणारं.

काल चिमणी झाली. मुलगी, पावणेदोन किलोची. काचेच्या पेटीत आहे, पण श्वास स्वतःचा घेते. रडली तेव्हा हे भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

मग नर्स कागद भरायला आली आणि हे कितवं मूल म्हणून विचारलं. बाळंतपण पहिलंच. मी दुसरं म्हणून सांगितलं.

तिने तसं लिहून घेतलं. लवकर ये, ताई.

तुझीच,
ठमी