लेहियम माझ्यासाठी होतं

आई, तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुझा हेवा काही सुटला नाही बघ. मेलेल्या माणसाचा, त्यातून जन्म देणाऱ्या आईचा हेवा करू नये म्हणतात. नये तर नये, पण होतो त्याला मी काय करू? पापनाशमच्या ह्या घरात बाळबोध वाचणारं माझ्याशिवाय कुणी नाही. ह्यांना तमिळ येतं, आणि कचेरीपुरतं इंग्रजी. तेव्हा हा कागद लपवायचीही गरज नाही, उघडच बोलते.

सासूबाईंनी कुंभकोणमच्या एका मुलीची पत्रिका मागवली, हे तुझ्या कानावर गेलं आणि तू मला तडक तंजावूरला बोलावून घेतलंस. लग्नाला सहा वर्षं होऊन गेली होती, कूस उजवली नव्हती, आणि आता घरात सवत यायची वेळ आली होती. राजांचं राज्य गेलं तरी वाड्याचा म्हातारा वैद्य आपल्याच गल्लीत राहायचा. त्यानं माझी नाडी बघितली, अंगात थंडी धरली आहे म्हणाला, आणि मंडलभर, म्हणजे अठ्ठेचाळीस दिवस, लेहियम हा औषधी अवलेह चाटायला सांगितलं. मागच्या पडवीतली ती चूल मला अजून दिसते. पितळेच्या उरुळीत गूळ वितळतो आहे, तू सुंठ, पिंपळी, शतावरी, तीळ एकेक घालून घोटते आहेस, तूप कडेनं सुटतं आहे. नैवेद्याआधी मिठाचा खडाही जिभेवर न ठेवणारी तू, लेहियमाचा पाक मात्र दर थोड्या वेळानं तळव्यावर घेऊन चाटायचीस. मी हसले तर म्हणालीस, "औषधाला सोवळं नसतं गं. चाखल्याशिवाय पाक कसा कळणार?" दर आठवड्याला नवा घाणा, दर घाण्याला तुझं चाखणं. उरुळीला लागलेलंही तूच बोटानं निपटायचीस. टाकायचं कसं, इतकं तूप पडलंय त्यात.

माझी पाळी आजवर वेळच्या वेळी यायची, त्या लेहियमानं तिचं तंत्रच बिघडलं. एकदा लवकर आली, मग आलीच नाही. तू रोज सकाळी माझ्या तोंडाकडे बघायचीस. महिना उलटला, वर थोडे दिवस गेले, आणि तुला धीर धरवेना. तू पुळियोदरै, चिंचेचा भात, केलास आणि बाबांना गोड बातमी घेऊन पापनाशमला पाठवलंस. सासूबाईंनी पत्रिका परत पाठवली म्हणे! आणि बाबा परतले त्याच दिवशी मी मागच्या खोलीत बाहेर बसले. सगळ्या गल्लीला कळलं. आपल्याकडे बाईचं काही झाकून राहतं का? कोण बाहेर बसलं आणि कोण नाही, हे विहिरीवर पाणी भरणारीलाही ठाऊक असतं.

त्या गडबडीत एक गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नाही. तूही बाहेर बसत नव्हतीस. विचारलं तर म्हणालीस, "सुटले बाई एकदाची. आता केव्हाही लोणचं घालीन, केव्हाही देवाला शिवेन." चाळिशीही गाठली नव्हतीस, तरी केवढी खूश होतीस! बाहेर बसायची तुझी चटई झटकून माझ्याकडे सरकवलीस, ही आता तूच वापर म्हणालीस. मी त्याच चटईवर पडून रडले. मग शेजारच्या आत्यांनी तुला मोरीत ओकताना बघितलं आणि पदर बाजूला करून पोट चाचपलं. "अय्यो, हे कसलं सुटणं! हिला चौथा लागलाय." बाबा बाहेर तिण्णैच्या ओट्यावर बसले होते ते उठून सरळ देवळात गेले, जेवायलासुद्धा आले नाहीत. तू पदरात तोंड लपवून हसत होतीस की रडत होतीस, मला आजही सांगता यायचं नाही. माझ्या अंगाचा मात्र तिळपापड झाला. "लेहियम माझं आणि पोट तुझं?" असं मी तोंडावर म्हणाले. तू म्हणालीस, "मी मागितलं नव्हतं गं." तेच तर मला सोसवेना. मी देवापुढे डोकं फोडत होते, आणि तुला न मागता!

मुलगा झाला. आयत्या बिळात नागोबा. बाळंतिणीच्या खोलीच्या दारातून तू हाक मारलीस, "धर जरा ह्याला, मी केस वाळवते." मी मांडीवर घेतलं, तर तो दूध शोधत माझ्या चोळीला तोंड घासायला लागला. मी तुला परत दिला आणि दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं पापनाशमला निघून आले. सवत काही आली नाही. "एकीचीच औषधं पुरवता जीव जातो, दोघींची कुठून आणू?" असं हे सासूबाईंना म्हणाले, तेवढ्यावर टळलं. तुझा तो लेक आता तंजावुरात वकिली करतो. अक्का, अक्का करत येतो, त्याची पोरं माझ्या अंगाखांद्यावर खेळतात. गुणाचा आहे. तुझं श्राद्ध तो कसं मनापासून करतो! मी वाढते आणि तेव्हाही जळते.

आज लिहायला बसले त्याचं कारण वेगळंच आहे. गेले तीन महिने मी बाहेर बसले नाही. माझं वय तेव्हाच्या तुझ्यापेक्षा कितीतरी जास्त, हे मला कळत नव्हतं असं नाही. पण मनात आलं, आई फसली होती, तसंच माझंही असेल तर? कुणाला बोलले नाही. घागर उचलणं सोडलं, पपई सोडली. सकाळी जरा मळमळलं की बरं वाटायचं. काल देवळाचं निमित्त सांगून तंजावूरला गेले आणि दवाखान्यातल्या गोऱ्या डॉक्टरीणबाईंना दाखवलं. त्यांनी पोट दाबलं, हात धुतले आणि मोडक्या तमिळमध्ये पण फार मायेनं सांगितलं, अम्मा, हे वयाचं आहे. मी मान हलवली आणि गाडीत येऊन बसले.

त्या तीन महिन्यांत मला तुझा हेवा वाटला नाही, आई. एकदाही नाही. मुलगीच होणार असं मी धरून चालले होते, आणि नावही ठरवून टाकलं होतं. तुझंच.