रक्तपेढीतला काळा पडदा

५ जानेवारी २००४, सोमवार

निशा गेली! सकाळच्या गाडीने, हैदराबादला. नवी नोकरी. आणि जाताना रक्तपेढीचा सर्व्हर माझ्या गळ्यात! सहा वर्षं मी इथे फोन उचलते आणि रक्तदात्यांचे फॉर्म टाइप करते, एवढंच माझं शिक्षण. डॉक्टर म्हणाले, "अनुजाताई, नवा माणूस मिळेपर्यंत तुम्हीच बघा." नवा माणूस कोण देतंय यांना!

सर्व्हर म्हणजे रक्ताच्या फ्रीजमागच्या खोलीतलं एक बुटकं खोकं. माउस नाही, चित्रं नाहीत. काळा पडदा, पांढरी अक्षरं आणि लुकलुकणारी एक रेघ. बोल, काय पाहिजे? असं विचारत बसलेली. निशाने महिनाभर शिकवलं. सगळ्या आज्ञा वहीत उतरवून घेतल्यात. शेवटच्या पानावर तिचं अक्षर — "ताई, डिलीट लिहिताना 'व्हेअर' विसरू नका. कुठलं पुसायचं ते सांगितलं नाही तर तो सगळंच पुसतो. मूर्ख नाही तो, आज्ञाधारक आहे."

स्टँडवर रडले नाही. खोलीत आले, मॉनिटरच्या कडेला तिची टिकली चिकटलेली दिसली. मग रडले.

६ जानेवारी

आज पहिला बॅकअप स्वतःच्या हाताने घेतला. एंटर मारलं. काहीच नाही! घाबरून निशाला फोन. ती म्हणाली, "काही बोलला नाही म्हणजे झालं, ताई." काम नीट झालं तर चकार शब्द नाही, चुकलं की लगेच ओरडणार — हुबेहूब आमचे डॉक्टर.

१२ जानेवारी

शिबिराच्या गाडीचा ड्रायव्हर बाळासो दारात उभा. "वैनी, त्या काळ्या पाटीत हाय तरी काय एवढं?"

म्हटलं, तू आहेस. खोटं वाटलं त्याला. मग टाइप केलं — दात्यांमधून निवड, जिथे नाव बाळासो. आला की! एकतीस वेळा रक्त दिलंय पठ्ठ्याने. पहिल्यांदा १९९१ साली, अगदी तारखेसकट. बाळासोने पडद्यावर बोट ठेवलं. "एकतीस? आयला, मलाच म्हाईत न्हाय की!" मग लॅबमधल्या सगळ्यांना हाताला धरून आणलं आणि दाखवलं. दुपारी आला तो वडे घेऊन. एक सर्व्हरपुढे ठेवला. "त्याला बी."

वडा मी खाल्ला.

१९ जानेवारी

डॉक्टरांना यादी स्वच्छ हवीय. एकच माणूस तीन-तीनदा आहे. इंग्रजीत टाइप करतो ना आम्ही — सयाजी एकदा एका ए-ने, एकदा दोन ए-ने, एकदा पुढे राव लावून. गरजेच्या वेळी यादी काढली की तीन दाते दिसतात आणि फोन लावला की तिन्ही ठिकाणी एकच सयाजी!

आज चाळीस जोड्या जुळवल्या. गंमत वाटायला लागलीय मला. घरी संघप्रियाला सांगत होते, ती म्हणाली, "आई, तू झोपेत पण सेमिकोलन म्हणतेस." सातवीत आहे, पण जीभ बघा!

२७ जानेवारी, मंगळवार



दुबार नावं पुसत होते. 'डिलीट फ्रॉम' — दाते — आणि सवयीने ओळीच्या शेवटी सेमिकोलन, म्हणजे आज्ञा संपली! 'व्हेअर' मी पुढच्या ओळीवर लिहिणार होते. त्याने वाट बघितली नाही. पडद्यावर आलं — क्वेरी ओके. अकरा हजार चारशे आठ ओळी.

ओके म्हणे!

अकरा हजार चारशे आठ माणसं. त्यांचे गट, गावं, फोन. एका टिंबाने. परत फिरवायची सोय नाही, हे निशाने पहिल्याच दिवशी सांगितलेलं. पळून जावंसं वाटलं. खरंच — पर्स हातात घेतलेली होती. मग वाटलं, आत्ता कुणाला रक्त लागलं तर? पर्स खाली ठेवली आणि आधी डॉक्टरांच्या खोलीत गेले. "सर, माझ्या हातून सगळे दाते पुसले गेलेत. सकाळचा बॅकअप आहे. लावून बघते."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "जा. मी इथेच आहे."

वही उघडून एकेक अक्षर बघत आज्ञा लिहिली. दोनदा वाचली. बाळासोला म्हटलं, तूही वाच. "मला इंग्रजी येत न्हाय, वैनी." तरी वाच! एंटर. गप्प. रेघही दिसेना. दोन मिनिटं गेली असतील, मला पंचमी ते दिवाळी वाटली. मग रेघ परत आली. मोजायला लावलं — अकरा हजार तीनशे एक्याण्णव. कमी पडलेले सतरा म्हणजे आज सकाळी नोंदवलेले, त्यांचे कागद टेबलावरच होते. परत टाइप केले.

डॉक्टरांना सांगितलं तेव्हा म्हणाले, "चुकलात त्याबद्दल उद्या बोलू. सांगितलंत लगेच, ते बरं केलंत. चहा घ्या."

निशा फोनवर खो-खो हसली. "आता झालीस तू खरी ॲडमिन!" — पहिल्यांदा अगं-तुगं केलं तिने.

२८ जानेवारी

कसं लिहू?

परत आलेली माहिती तपासत होते. आमच्या नेहमीच्या फॉर्मवर थोडेच रकाने दिसतात. काळ्या पडद्यावर सगळेच मागितले. शिबिरांचे फॉर्म निशाच टाइप करायची, मी कधी बघितले नव्हते. कुरुंदवाडच्या शिबिरातले दाते सरकत होते आणि एका ओळीवर बोट थांबलं.

विजयसिंह हंबीरराव माने. शेती. ओ निगेटिव्ह. दर तीन-चार महिन्यांनी रक्त दिलेलं, १९९८ पासून. शेवटचा रकाना, जवळचे नातेवाईक — "बहीण अनुजा, कोल्हापूर. फोन माहीत नाही."

दादा. माझा दादा!

चौदा वर्षं झाली. मी अतुलशी रजिस्टर लग्न केलं आणि सांगायला घरी गेले तेव्हा आबा उंबऱ्यात उभे होते. "म्हाराच्या घरात गेलीस न्हवं? मग आजपास्नं आमाला एकच पोरगा." वडील माझे, आणि हे तोंड! अतुल माझ्या शेजारीच उभा होता. त्याने माझा हात धरला आणि म्हणाला, "चल, अनुजा." दादा गोठ्याच्या दाराशी होता. एक शब्द बोलला नाही. आबांच्या बोलण्यापेक्षा मला ते गप्प राहणं जास्त लागलं. आई तर आधीच गेलेली. त्यानंतर ना पत्र, ना निरोप. मी पण हट्टाने नाही पाठवला.

आणि हा गडी सहा वर्षं आमच्याच पिशव्यांत रक्त भरून पाठवतोय. मी त्याच यादीशेजारी बसून फोन उचलतेय.

२९ जानेवारी

तीच ओळ चारदा काढली. कुणाला काही सांगितलं नाही.

२ फेब्रुवारी

अतुलला सांगितलं. भाजी चिरत होता. सुरी ठेवून हात धुतले, मग बसला समोर. "कर फोन."

"कसा करू? तो नंबर रक्तपेढीच्या यादीतला आहे. रक्तासाठी दिलाय त्याने."

हे मीच बोलले, आणि बोलल्यावर पटलंही. रूटचा, म्हणजे सगळी कुलपं उघडणारा, पासवर्ड आहे म्हणजे मला सगळं दिसतं. कुणाला कावीळ होऊन गेली, कुणाचं रक्त का नाकारलं, सगळं. उद्या मी माझ्या कामासाठी एक नंबर उचलला तर परवा दुसरा कुणी उचलेल.

अतुल म्हणाला, "मग पत्र लिही. पत्ता तर तुला जन्मापासून माहीत आहे." बरोबर आहे. कागद घेऊन बसले. 'ती. दादास' — याच्यापुढे गेले नाही.

११ फेब्रुवारी

आज मोह झाला. 'फोन माहीत नाही' पुसून तिथे आपला नंबर घालायची आज्ञा पूर्ण लिहिली — व्हेअरसकट! एंटरवर बोट ठेवलं. नाही मारलं. त्याने लिहिलंय ते. त्याने सांगितल्याशिवाय बदलायचं नाही.

पत्र अजून तिथेच.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

सावकाश लिहिते. सगळं राहिलं पाहिजे.

अकराच्या सुमारास हॉस्पिटलमधून फोन. शिरोलीची बाळंतीण, बाळ सुखरूप, पण रक्त थांबत नाही. ओ निगेटिव्ह. आमच्या फ्रीजमध्ये दोनच पिशव्या. त्या दिल्या, आणखी तीन हव्यात. डॉक्टर म्हणाले, "ताई, यादी!"

टाइप केलं — ओ निगेटिव्ह, शेवटचं दान नव्वद दिवसांपूर्वीचं, कोल्हापूर जिल्हा. सात नावं. पाचवं दादाचं.

पहिला पुण्याला गेलेला. दुसरी शिक्षिका, शाळेतून निघते म्हणाली. तिसरा तापाने पडलेला. चौथा इथेच उद्यमनगरात, लगेच येतो म्हणाला. अजून एक पाहिजे. बाळासो शेजारी होता, त्याला सांगता आलं असतं. पण हे माझं काम आहे. लावला.

उचलला तो आबांनी!

"कोण हाय?"

मी खुर्ची घट्ट धरली. "रक्तपेढीतून बोलतेय. विजयसिंह माने आहेत का?"

पलीकडे श्वास ऐकू येत होता. मग लांब हाक — "इज्या! कोल्लापुरास्नं फोन हाय. रक्तपेढीचा."

दादा आला. "बोला."

"ओ निगेटिव्ह हवंय. बाळंतीण आहे. फार घाई आहे."

"येतो की. बुलेट काढतो, तासात पोचतो. कोण बोलतंय?"

"ऑपरेटर," मी म्हटलं. दुसरं काही तोंडातून निघेना.

तो पन्नास मिनिटांत आला. मी सर्व्हरच्या खोलीत. काचेतून दिसत होता. केस पिकलेत, पोट सुटलंय, चालणं तेच, उजवा खांदा पुढे. बाळासोने त्याला खाटेवर झोपवलं. पिशवी भरत आली तेव्हा चहा-बिस्किटं मी नेली. दाराशीच पाय अडले. त्याने मान वळवली आणि म्हणाला,

"आवाज तवाच वळखला मी, अनु. पर रडत गाडी मारता येत न्हाय. म्हणून गप बसलो."

चहा अर्धा बशीत सांडला माझ्या हातून. दोघांपैकी कोण आधी रडलं, माहीत नाही. बाळासो ओरडत होता, "पावणं, हात हलवू नका! सुई हाय!"

नंतर बाकावर बसलो. म्हटलं, दादा, तू त्या दिवशी बोलला का नाहीस? त्याने बिस्कीट हातातच फिरवलं. "भ्यालो. आबास्नी भ्यालो. मग लाज वाटली, आन् लाजंत वरसं गेली." मग विचारलं, "पोरं किती?" एक लेक, संघप्रिया. दोनदा म्हणून बघितलं त्याने नाव. "चांगलं हाय." अतुलबद्दल विचारलं. मी म्हटलं, ते तू त्यालाच विचार. माफी मागायची असेल तर माझ्याकडे नको मागू.

"व्हय," म्हणाला.

आबा? "फोन माझ्या हातात दिला आन् तिथंच हुबं ऱ्हायलं. काय बोललं न्हाईत." जाताना स्वतःच म्हणाला, "त्या फॉर्मात तुजा नंबर घाल की आता."

घातला. क्वेरी ओके. एक ओळ.

बाळंतिणीचं रक्त संध्याकाळी थांबलं.

२५ फेब्रुवारी

आई आणि बाळ दोघंही बरी. डॉक्टरांनी सर्व्हरवर हात ठेवला, जसा बैलावर ठेवतात. मला काही बोलले नाहीत. म्हणजे नीट झालं!

२९ फेब्रुवारी, रविवार

दादा घरी आला. अतुलपुढे बसला आणि म्हणाला, "दाजी, माझं चुकलं." अतुल म्हणाला, "चुकलंच. फार चुकलं." ताटं वाढली तेव्हा मात्र स्वतः उठून त्याला दुसऱ्यांदा वाढलं. अतुलला मी ओळखते. माफ केलं असं तो सहजासहजी म्हणणार नाही. पण रस्सा वाढताना त्याने विचारलं नाही, भरपूर घातला.

आबांचा विषय कुणी काढला नाही.

७ मार्च, रविवार

मी भाकऱ्या थापत होते. दार अतुलने उघडलं. आबा! एकटे, एस्टीने आलेले. आतूनच दिसले मला, पिठाचे हात तसेच धरून उभी राहिले. अतुल म्हणाला, "जयभीम." आबा थांबले. मग टोपी काढली, हात जोडले — "जयभीम, पावणं. घोटभर पाणी मिळंल का तुमच्यातलं?"