चार मागणी-चिठ्ठ्या

प्रिय भिंगरी,

तू शिवून पाठवलेल्या मास्कचं पार्सल पोचलं. शिवण नेहमीसारखी सुबक आहे. खोट काढायला मी चांगली पाच मिनिटं उलटसुलट करून पाहिलं, सापडली नाही. लेक त्यातला फुलाफुलांचा उचलून आरशासमोर उभी राहिली. मी आणलेले दोन डझन मास्क त्याच टेबलावर होते, त्यांच्याकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. खरं सांगते, जळफळाट झाला माझा.

शेजारच्या शहरात तापाची साथ आल्याचं कळलं आणि मी पदर खोचला. बावीस वर्षं कारखान्याचं स्टोअर सांभाळतेय, साठा कसा करायचा हे मला कोणी शिकवायला नको. मागची खोली आजाऱ्यासाठी रिकामी केली, कारण तिला स्वतंत्र न्हाणीघर आहे आणि मोठी खिडकी आहे. खाट, बादली, झाकणाचा डबा, थर्मामीटर, वेगळं ताट-वाटी-भांडं. सासऱ्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या महिनाभराच्या आणल्या. साबण, कोरडा शिधा, तापाची औषधं, सगळं फळ्यांवर लागलं आणि प्रत्येकावर माझ्या अक्षरातलं लेबल. नवरा म्हणाला, आता तेवढं मलाही एक चिकटव.

आमच्या स्टोअरमध्ये मागणी-चिठ्ठीशिवाय खिळासुद्धा हलत नाही. तीच शिस्त मी घरात आणली आणि हसं करून घेतलं. तिघांच्या हातात एकेक चिठ्ठी दिली. आजारी पडलात तर काय लागेल ते लिहा म्हटलं: औषध, पांघरूण, कोणाला फोन करायचा. शेवटी एक ओळ मी आपल्या मनाने वाढवली, ‘उशाशी कोण हवं’. उत्तर मला ठाऊकच होतं, फक्त ते त्यांच्या अक्षरात वाचायचं होतं. या वयात ही हौस!

लेकीने लिहिलं, मावशी. सासऱ्यांना ऐनवेळी तुझं नाव आठवेना, म्हणून त्यांनी ‘सुनेची हसरी बहीण’ असं लिहिलं. म्हणजे न हसरी कोण, हे वेगळं सांगायला नको. नवऱ्याने दोनदा खाडाखोड करून ‘मेहुणी, जमल्यास’ असं लिहिलं होतं. त्या ‘जमल्यास’ने तर माझ्या अंगाचा तिळपापड झाला. वर तिघांचं कारण एकच. तुला हा ताप नुकताच येऊन गेलाय, तो लगेच पुन्हा होत नाही असं डॉक्टर म्हणतात, मग मला कशाला धोक्यात घालायचं. कारण इतकं बिनतोड की मला धड भांडताही येईना. दोन दिवस मी घरात भांडी आपटत फिरले.

पण कारण तेवढंच नाही, हे मला माहीत आहे. तीन वर्षांपूर्वी माझं ऑपरेशन झालं तेव्हा तू नऊ दिवस इथे राहिलीस. मी दवाखान्यातून परत आले तर लेकीचे केस निराळ्याच तऱ्हेने बांधलेले, माझ्याशी गोळीवरून रोज हुज्जत घालणारे सासरे तुझ्या हातून ती निमूटपणे घेत होते, आणि नवरा पत्त्यांत हरूनही खो खो हसत होता. माझ्यावाचून कोणाचंच अडलं नव्हतं. तू गेलीस आणि मी स्वयंपाकघरातला एकेक डबा पुन्हा जुन्या जागी लावला, रडत. लहानपणी तरी वेगळं काय होतं? आई आजारी पडली की धुणंभांडी मी करायची आणि तू तिच्या पांघरुणात शिरून बडबडायचीस. मग आई आल्यागेल्याला सांगायची, धाकटीमुळे बरं वाटलं बाई. तेव्हापासून माझ्या पोटात दुखतंय. गेल्या दोन्ही सुट्ट्यांत तू येते म्हणालीस आणि मी घर रंगवायला काढलंय असं सांगितलं. रंगबिंग काही लावायचा नव्हता गं.

आता मूळ गोष्ट. काल सकाळपासून मला ताप आहे आणि मागच्या खोलीत मीच पडले आहे. घसा पार बसलाय म्हणून हे लिहून फोटो पाठवतेय. दहा दिवस बाहेर यायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलंय. दाराबाहेर तिघं एकमेकांना साबण कुठे आहे ते विचारतायत, लेबल नाकासमोर असून. नवऱ्याने दोनदा दूध उतू घालवलं, सासऱ्यांची कालची गोळी राहिली, लेक दाराशी बसून आहे, उठवलं तरी उठत नाही. तू ये. डबे हवे तिथे ठेव, तिचे केस हवे तसे बांध, त्यांना हसव. मला इथे सगळं ऐकू येईल आणि मी जळेन, तिकडे लक्ष देऊ नकोस. आज मी माझीही चिठ्ठी भरली. शेवटच्या ओळीत दुसरं कोणाचं नाव सुचलंच नाही. म्हणून एवढंच मागते, घरात पाऊल टाकलंस की त्या तिघांकडे नंतर जा. आधी माझ्याकडे ये.

तुझीच,
जळकुकडी ताई