वाघोबा, जेवायला घरी ये

प्रिय मोनाली,

अक्षर पाहून घाबरू नकोस, तुझी आजीच लिहिते आहे. मी तिसरीत असताना गुरुजींनी एकदा छडी मारली, त्या दिवसापासून शाळा गुरुजींना ठेवली आणि म्हशी मी घेतल्या. त्यामुळे जिथे काना-मात्रा राहिली असेल तिथे आपल्या मनाने घाल. तू फोन बंद करून पुण्याच्या खोलीत बसली आहेस, कॅलेंडरात अक्षय तृतीया लिहितात त्या आपल्या आखाजीलाही येणार नाही असा निरोप दिलास, मग तुझ्याशी बोलायचं तरी कसं? म्हणून पत्र. कागद, पेन, पाकीट सगळं तुझ्या नवलकाकाने आणून दिलं, वर तिकीटसुद्धा चिकटवून दिलं. इतका गुणाचा तो कधीपासून झाला ते पुढे सांगते. आत्ताच दारातून डोकावून गेला, झालं का माय, म्हणून. मी म्हटलं, अजून नुसतं प्रिय मोनालीच झालं आहे, जा, दुकान बघ.

आधी घरचं ऐक. धुळ्यात ऊन असं आहे की गच्चीवर बिबडे टाकले की हात झटकेपर्यंत वाळतात. यंदा ज्वारीचे बिबडे तुझ्या हेमलताकाकूनेच केले, मी छत्री घेऊन नुसते कावळे हाकले. तुझा वाटा वेगळ्या डब्यात ठेवला आहे. गल्लीच्या टोकाला राहते ती आपली नूरबी चुडीवाली, तिचा गुडघा पुन्हा सुजला. पण तोंड अजून शाबूत आहे हो तिचं. परवा मला म्हणते, भिकू, तू आता मोठी झालीस, लोक तुला फोनमध्ये बघतात, माझ्या दारात येताना चप्पल बाहेर काढत जा. मी म्हटलं, चप्पल बाहेर काढली तर तू विकून खाशील. म्हाताऱ्या झालो तरी आमचा बार सुटत नाही बघ.

बार म्हणजे काय हे तुला नीट कोणी सांगितलंच नाही. तू पाहिलास तो शेवटचा शेवटचा, पाच-दहा बाया लाजत लाजत ओरडत होत्या. आमच्या वेळी नाल्याच्या अल्याड आमचं गाव आणि पल्याड दुसरं. आखाजीला आम्ही माहेरवाशिणी गौराई घेऊन नाल्यावर जायचो, पलीकडून त्यांच्या यायच्या, आणि मग दोन्ही काठांवरून शिव्यांचा असा बार उडायचा की नाल्यातली जनावरं पाणी सोडून पळायची. त्यांच्या नवऱ्यांच्या मिशा, सासवांच्या चाली, गावच्या विहिरीचं पाणी, काही म्हणता काही सोडायचो नाही. नूरबी तेव्हा आईबरोबर टोपली घेऊन बांगड्या भरायला यायची. ती दोन्ही काठांना बांगड्या भरायची आणि दोन्ही काठांना शिव्या पुरवायची. इकडची शिवी तिकडे नि तिकडची इकडे. असा धंदा कोणाचा चालला नाही! पण पोरी, बाराला रीत होती. जे बोलायचं ते पदर खोचून, समोर उभं राहून, तोंड दाखवून. समोरचीला उत्तराची पाळी द्यायची. लेकरावर जायचं नाही. आणि मेलेल्या माणसाला बोल लावायचा नाही, कारण त्याला पलीकडून उत्तर देता येत नाही. दिवस बुडाला की बार संपला. मग पल्याडच्या बाया अल्याड येऊन सांजोऱ्या खाऊन जायच्या.

हे सगळं मला का आठवलं? नौशीनमुळे. नूरबीची नात, तुझ्याच वयाची, ती दुपारी मला फोन शिकवायला येते. बोललं की तो आपोआप लिहितो हे कळल्यापासून मी कोणाचं ऐकते का! टीव्हीवर लढाई लढाई सुरू झाली तेव्हा फोनमध्ये जो तो तोफा डागायला लागला होता. तेव्हाच नौशीनने तुझं लिखाण मला वाचून दाखवलं. तू चारच ओळी लिहिल्या होत्यास: माझ्या आजीचा भाऊ लढाईवर गेला, परत आला नाही. त्याची आई मरेपर्यंत त्याचं ताट फळीवर उचलून ठेवू देत नव्हती. लढाई मागणाऱ्यांनी आधी आपल्या घरातलं एक ताट बाजूला काढावं आणि मग बोलावं. मी नौशीनला म्हटलं, पुन्हा वाच. तिने पुन्हा वाचलं. माझ्या भावाचं, लोटनचं ते पितळी ताट मी तुला कधी सांगितलं होतं, मलाच आठवेना. तू लक्षात ठेवलंस.

मग नौशीन खालचं वाचेना. मी हट्टच धरला. तिने वाचलं, मान खाली घालून. तुला देशद्रोही म्हटलं, तिकडे निघून जा म्हटलं, तुझी जात काढली, धर्म काढला, नूरबीच्या माणसांना मध्ये ओढून त्यांना नको नको ते म्हटलं, आणि ते सगळं त्या पोरीला मोठ्याने वाचावं लागलं. खरं सांगू, मला आधी राग आलाच नाही. मला लाज वाटली, कशाची म्हणशील तर त्यांच्या शिव्यांची. ना यमक, ना दम, ना नवी कल्पना! आई आणि बहीण, आई आणि बहीण, बठ्ठा एकच पाढा. नाल्यावर असं कोणी बोललं असतं तर तिच्याच काठाच्या बायांनी तिला मागे ओढून बसवलं असतं. आणि एकाचंही तोंड दिसेना. कोणी सिंहाचं तोंड लावलेलं, कोणी झेंड्याचं, कोणी तलवारीचं. माणसाचं तोंड कुठेच नाही.

त्यात एक वाघ होता. मोठा जबडा उघडलेला, पिवळा वाघ. त्याने तुला लिहिलं होतं: जीभ शे हातभर, अक्कल शे चिमटीभर, जाय वं घर, भांडा घस टोपलीभर. नौशीनने वाचलं आणि माझ्या हातातली शेंगांची वाटीच निसटली. अगं, हा बार माझा! पल्याडच्या सुमनबाईसाठी मी रचला होता. तिने मला असं उत्तर दिलं होतं की ते पत्रात लिहिता येत नाही. दोन्ही काठांवरच्या बाया एकेक करून गेल्या, आता हा बार पाठ असणाऱ्या नूरबी आणि मी दोघीच. नूरबी काही वाघ लावायची नाही, तिला मांजराचीच भीती. मग राहिलं एकच माणूस. माझ्या कडेवर बसून नाल्यावर आलेलं, हा बार ऐकून टाळ्या पिटणारं, आणि घरी येऊन आठवडाभर मोठ्या भावाला तोच म्हणून दाखवणारं. तो मोठा भाऊ म्हणजे तुझा बाप ईश्वर. तो तेव्हाही गप्प बसायचा, म्हणून तर रेल्वेत लागला.

नवल खाली त्याच्या पाण्याच्या पंपांच्या दुकानात होता. पंपाची गिऱ्हाइकं दुपारी येत नाहीत, म्हणून तो जेवायच्या वेळेला फोन घेऊन बसतो आणि हेमलता वरून हाका मारून थकते. त्या दिवशीही तिने दोनदा हाक मारली होती. मी नौशीनला म्हटलं, माझा नथीचा फोटो लाव आणि माझं नाव लाव, पूर्ण, नवऱ्याच्या नावासकट. आणि त्या वाघाच्या खाली मी बोलले, फोनने लिहिलं: वाघोबा, हा बार माझा आहे, विचारल्याशिवाय घेतलास. नवल, शेवभाजी निवते आहे, हेमलता कधीची हाका मारते आहे, आधी जेवायला घरी ये.

घटकाभराने खालून शटर ओढल्याचा आवाज आला. तो जिना चढून आला, पाटावर बसला, आणि कोणाकडे न बघता जेवला. हेमलता तोंडात पदर कोंबून स्वयंपाकघरात अशी हलत होती की मला वाटलं हिला ठसका लागला. नवलने दोनदा रस्सा मागून घेतला. इकडे फोन टुणटुण टुणटुण. लोक हसून हसून लोळले म्हणे. नाशिकच्या, नागपूरच्या बाया लिहितात, आजी, आमच्या घरातल्या वाघालाही जरा हाक मारा. शिरपूरच्या एकीने तर आपल्या नवऱ्याचा सिंह आणि खरं नावच लिहून टाकलं, वर विचारलं, दूध आणायला कधी जाता? मला इतका आनंद झाला की मी त्या दिवशी दोन वेळा चहा घेतला, साखरेचा.

शिव्या मलाही आल्या, नाही असं नाही. म्हातारे, तुझी लाकडं रचून ठेवली आहेत. मी विचारलं, कोणती लाकडं, बाभळीची की लिंबाची? ओली आणू नको, धूर होतो. मग एक दिवस नवलच्या फोनमधल्या ग्रुपातली, त्याच्यासारखीच शिव्या लिहिणारी चार माणसं गळ्यात पंचे टाकून दुकानात आली. आजी, ते काढून टाका, ग्रुपची बदनामी होते, धर्माचं काम आहे. मी म्हटलं, बसा, पाणी घ्या. धर्माचं काम तोंड झाकून का करता? माझी सासू देवाला जाताना तोंडावरचा पदर मागे सारायची. आखाजीला माझ्या माहेरच्या नाल्यावर या. मी अल्याड उभी राहते, तुम्ही पल्याड राहा, आणि मोनालीला जे जे लिहिलं ते माझ्याकडे बघत मोठ्याने म्हणा. मग मी पण म्हणते. ज्याचा दम आधी संपेल त्याने काढून टाकायचं. चौघे पाणी पिऊन उठले. जाता जाता एक जण हळूच मागे आला आणि म्हणाला, आजी, माझं नाव नका हो टाकू, माझी माय फोन बघते.

हसलीस ना? आता न हसायचं सांगते. तुझ्या लिखाणाखाली कोणा तलवारीवाल्याने लिहिलं होतं, असला भाऊ नव्हताच, आणि असलाच तर पळून गेला असेल. लोटन. माझा लोटन, म्हशीच्या पाठीवर झोपणारा, ज्याने फौजेतून पहिल्या पगारात मला हिरव्या बांगड्या पाठवल्या आणि नूरबीच्या आईने त्या फुकटात भरून दिल्या, कारण फौजीच्या बहिणीच्या हाताचे पैसे घ्यायचे नाहीत म्हणाली. त्या तलवारीवाल्याला मी ओळखत नाही, त्याचं काय धरून बसू? पण त्या ओळीखाली हसरी तोंडं लावलेली होती, आणि नौशीनने बोट ठेवून दाखवलं, त्यात एक तोंड वाघाचं होतं. तुला शिवी दिली तिच्याबद्दल मी त्याला चारचौघांत जेवायला बोलावलं, फिटलं. हे हसणं मी कोणाला दाखवलं नाही. रात्रीचं ताट वाढताना त्याला एवढंच विचारलं, नवल, आखाजीला लोटनमामाची आगारी कोण टाकतं रे? माझ्या माहेरी कोणी उरलं नाही, म्हणून पितरांची घागर भरल्यावर चुलीच्या निखाऱ्यावर लोटनच्या नावाचा घास इतकी वर्षं नवलच टाकतो, माहीत आहे तुला. त्याने हातातला घास ताटात ठेवला आणि उठून गेला. दुसऱ्या दिवशी वाघ फोनमधून गेला होता. माणूस मात्र अजून परत आला नाही. का हसला, हे तो सांगत नाही, मी विचारत नाही. ग्रुपातल्यांना दाखवायला हसला असेल. दुसऱ्यांना दाखवायला माणूस काय काय करतो.

आता हे पत्र कशाला, ते सांगते. मी आपल्या मनाने लिहायला बसले नाही. रविवारी तुझा बाप भुसावळहून आला. दोघा भावांनी मला मध्ये बसवलं. तुला आलेलं स्थळ मागे सरतं आहे, तुझ्या ऑफिसात कोणी कोणी तक्रारी पाठवल्या, आता एकच उपाय आहे, मोनालीने चूक झाली असं लिहून शब्द मागे घ्यावे आणि म्हातारीनेही आपलं काढून टाकावं. ती फक्त तुझं ऐकते, माय, तू लिही तिला. ईश्वरच्या डोळ्यांत पाणी होतं. तो तुझा वैरी नाही, घाबरलेला बाप आहे, हे विसरू नकोस. मी बरं म्हटलं. बरं म्हटलं ते कागदाला आणि पेनाला. तर ऐक, तुझी आजी तुला लिहिते आहे. माफी मागायची नाही. आहेत त्या राहू दे, त्याच चार ओळी पुन्हा एकदा लाव, तुझ्या नावाने, तुझ्या तोंडाच्या फोटोने, आणि या वेळी लोटनचं नाव त्यात घाल. जे स्थळ चार ओळींनी मागे सरतं ते पुढे आलं असतं तरी काय दिवे लावणार होतं? मी माझं काढणार नाही, लाकडं कोणतीही आणा म्हणावं. आणि आखाजीला ये. यंदा लोटनची आगारी तू टाकायचीस. बाईच्या हातची पितरांना पोचत नाही म्हणतात. त्याचं ताट तूच जपलंस, मग घास तुझ्याच हातचा नको का?

नवल पुन्हा दारात येऊन उभा आहे. पाकीट मी चिकटवणार नाही. पत्र उघडंच त्याच्या हातात देते, माझ्यासमोर बसून वाच म्हणते, हसण्याचं सुद्धा, आणि वाटलं तर पोस्टात टाक, वाटलं तर चुलीत टाक. ही त्याच्या उत्तराची पाळी आहे, बाराची रीत मी मोडायची नाही. तू हे वाचते आहेस, म्हणजे त्याने पोस्टात टाकलं. मग पोरी, आगारी टाकताना थोडी सरकून बस, तुझ्या शेजारी एक पाट त्यालाही मांडू.

तुझीच, नाल्याच्या अल्याड पदर खोचून उभी असलेली
आजी भिकुबाई