अस्वलाचं डोकं

प्रिय धाकट्या,

तुझी मापं मिळाली. छाती, उंची, खांदे, सगळं आईने फोनवर दोनदा वाचून दाखवलं आणि वर, लवकर कर गं, त्याला घाई आहे, असंही बजावलं. टेप अजून माझ्या गळ्यात लोंबतोय आणि मी कात्रीला हात न लावता तुला पत्र लिहीत बसले आहे. फोनवर बोलले असते तर तू नेहमीसारखं हसण्यावारी नेलं असतंस. जेवताना मात्र हे वाचू नकोस.

लंबूला ऊन लागलं होतं, आता बरा आहे, एवढंच तुला कळलंय. आपल्या घरी आला की दाराच्या चौकटीवर हमखास डोकं आपटून घेणारा तुझा दोस्त लंबू आमच्या पार्कात अस्वल व्हायचा, पोरांशी हात मिळवायचा, फोटोला उभा राहायचा. आमच्या व्यवस्थापकांना आम्ही हसरे साहेब म्हणतो, कारण समोरचा रडत आला तरी त्यांचे दात आत जात नाहीत. त्यांचा एक नियम आहे. पोरांसमोर अस्वलाचं डोकं निघता कामा नये, त्यांचं मन मोडतं म्हणे. आधीचा माणूस घाम पुसायला मध्येच डोकं काढायचा, म्हणून साहेबांनी मानेमागे हूक बसवून घेतले. पंजे चढवलेल्या हातांनी ते आतल्या माणसाला सुटत नाहीत.

त्या दुपारी लंबू माझ्या शिवणखोलीत आला तो पाय ओढतच. डोकं ठणकतंय, पोटरीत गोळे येतायत, मळमळतंय म्हणाला. मी अस्वलाचं डोकं उतरवलं, त्याला पंख्याखाली आडवं केलं आणि मीठसाखरेचं पाणी घोटघोट पाजलं. जरा तरतरी आली होती. तिथेच थांबायला हवं होतं रे, पोशाख उतरवून घरी जायला हवं होतं. तेवढ्यात साहेब आले, वाढदिवसाची पोरं खोळंबली आहेत म्हणाले आणि माझ्या डोळ्यांदेखत त्यांनी स्वतःच्या हातांनी ते ओलंचिंब डोकं त्याच्यावर चढवून हूक लावले. मी नको नको म्हणत होते, तर मला म्हणाले, घाम येतोय ना, मग ऊन लागलेलं नाही. या माणसाच्या छातीवर प्रथमोपचाराच्या प्रशिक्षणाचा बिल्ला आहे! त्या प्रशिक्षणातलं फुकटचं खाणं तेवढं त्यांच्या अंगी लागलं असावं.

मग मी खिडकीतून पाहिलं. अस्वल फुलांच्या वाफ्यात शिरलं, कारंज्याच्या कठड्यावर आपटलं, स्वतःभोवती फिरलं. लोक टाळ्या पिटत होते, नाचतंय म्हणून. मी पोचेपर्यंत ते कोसळलं होतं आणि साहेब माईकवरून सांगत होते की अस्वलाला झोप आली. एका बापाने आपलं पोर त्याच्या पोटावर बसवून फोटो काढला. मला त्या बापाची, त्या टाळ्यांची, सगळ्यांचीच शिसारी आली. मी हुकांना हात घातला तर साहेबांनी माझं मनगट धरलं आणि दात तसेच ठेवून हळूच म्हणाले, इथे नको, मागे नेऊन काढू. मी हात हिसडला आणि डोकं ओढून काढलं.

आत त्याची उलटी साचली होती. चेहरा लालभडक, अंग तव्यासारखं, आणि घाम तर अजून निथळत होता. मला विचारत होता, माझं दप्तर कुठंय. मग बोलणंच थांबलं. एकही पोर रडलं नाही. एका चिमुरडीने आपली बाटली पुढे केली, काकांना पाणी द्या म्हणून. साहेबांनी ती घेतली आणि लोकांदेखत बेशुद्ध माणसाच्या तोंडात ओतायला निघाले. मी रुग्णवाहिकेला फोन लावला होता. साहेब पाणी पाजतायत म्हटल्यावर पलीकडची बाई ओरडलीच, शुद्ध नसताना तोंडात थेंबही घालायचा नाही, कुशीवर वळवा, गाडीची वाट न बघता आधी अंग थंड करा. आम्ही त्याला सावलीत ओढलं, पोशाख कापला, झाडांच्या नळीने भिजवत राहिलो, पुठ्ठ्यांनी वारा घातला. आइस्क्रीमवाल्याने अख्खी पेटी रिकामी केली. मानेला, काखेत, जांघेत कापडात गुंडाळून बर्फ ठेवला. गाडी आली तेव्हा त्याने डोळे किलकिले केले होते.

जगला, पण अजून कप धरताना हात थरथरतो. डॉक्टर म्हणतात, पुढचे कित्येक महिने त्याला ऊन सोसणार नाही. साहेबांनी डॉक्टरांना सांगितलं की तो उपाशीपोटी आला होता. आणि दुसऱ्या दिवशी तेच डोकं माझ्या टेबलावर! आत गुलाबाचं अत्तर फवारलेलं. साहेब म्हणाले, तोंड तेवढं पुसून घ्या, कापलेलं शिवा, नवा माणूस बारीक आहे, त्याच्या मापाचं करा. गुलाब आणि उलटी. मला मोरीपर्यंतही जाता आलं नाही.

तो नवा माणूस तू आहेस, हे मला आईने मापं सांगितली तेव्हा कळलं. तुझा मित्र अजून अंथरुणात आणि तू त्याच्या जागेला हो म्हणालास. लपवत नाही, मला तुझीही किळस आली, आणि मग तुझ्याच जिवाची भीती वाटली. ते डोकं मी तीनदा धुतलं, वास जात नाही. तुझ्या मापाचं काहीही मी शिवणार नाही. हूक उसवून या पाकिटात टाकले आहेत, हातात घेऊन बघ. साहेब उद्या दुसऱ्या कुणाकडून नवे लावून घेतील, ते माझ्या हातात नाही. तू येणार असशीलच तर एवढं ऐक. मागून कुणी हूक लावायला आलं की मान वळव आणि त्याच्या तोंडाकडे बघ. आणि आत गरगरलं, जीभ अडखळली, तर डोकं फाडून फेकून दे, सगळ्यांसमोर. पोरांचं काही मन मोडत नाही रे, ती पाणी देतात.

तुझीच,
ताई