रविवारची गोळी

११ जाने., रवि.
जे झालं ते क्रमाने.
१. सकाळी साडेसहा. आईने हाडांची गोळी घेतली. आठवड्याला एक, रविवारी.
२. पाण्याऐवजी संत्र्याच्या रसाने घेतली. मी प्रथमच पाहिलं, एरवी रवि. उशिरा उठते.
३. नेहमी अशीच घेतेस? "मंग? दोन्ही उपाशीपोटीच आहेत न. तूच तं लिहून ठेवलं."
४. फ्रिजवर माझ्या अक्षरातला कागद. ओळ पहिली: रोज उपाशीपोटी ताजा रस (हाडं, प्रतिकारशक्ती). ओळ दुसरी: रवि. उपाशीपोटी गोळी.
५. कागद दीड वर्षापूर्वीचा. तिचं मनगट मोडलं तेव्हाचा.

खोक्यातली माहितीपत्रिका काढली. गोळी फक्त साध्या पाण्याने. त्यानंतर अर्धा तास काही नाही. रसाने औषध अंगात फार कमी उतरतं.
आजवर या पत्रिकेची घडीही मी उलगडली नव्हती.

१२, सोम.
मिहानमधल्या आमच्या रस कंपनीच्या प्रयोगशाळेत दिवसभर रसाच्या बाटल्यांची आम्लता मोजली. दशांशाचीही चूक नाही. घरी दोन ओळी लिहिल्या, त्या मात्र...

गेल्या आठवड्याचा रिपोर्ट पुन्हा पाहिला. मणके आणखी विरळ. डॉक्टर मॅडम म्हणाल्या होत्या, "गोळी नियमित घेऊनही? मग दुसरं काही आहे का ते बघावं लागेल." रक्त तपासायला दिलं. शनि. १७ ला गोळीऐवजी इंजेक्शन ठरलं.
दुसरं काही म्हणजे काय, हे आई विचारत नाही. मीही नाही.

१३, मंगळ.
मामाने काटोलहून संत्र्यांची पेटी पाठवली. आई सोलत बसली.
"काहून वं, तोंड पाडून बसली? गोड आहेत."
"संत्री दुपारी खा, आई. गोळीसोबत रस नको."
"रस वाईट झाला काय आता?"
"नाही. फक्त गोळीसोबत नको."
"तुही कंपनी बंद पाडशील तू!" फोड माझ्या हातावर ठेवली. खाल्ली. खरंच गोड होती.
कारण सांगितलं नाही. कागद काढून या वहीत ठेवला.

१४, बुध. संक्रांत.
गच्चीवर पतंग. आईला शेजारणींना तिळगूळ द्यायला वर जायचं होतं. एकोणीस पायऱ्या, कठडा एकाच बाजूला. मी मागे, दोन्ही हात तयार ठेवून.
"मी काय काचेची आहो काय वं?"
हात तसेच ठेवले. उतरताना ती एका पायरीवर थांबली, पाठीला हात लावला. विचारलं तर म्हणाली, काही नाही.
खाली आल्यावर: "फ्रिजवरचा कागद कुठं गेला?"
"पडला असेल."
"एक बी गोळी चुकवली नाही मी. तरी बी हाडं विरळच?"
खोटं बोलले, तेही तिच्याशी. पाठदुखी नवी की जुनी, माहीत नाही.

१५, गुरु.
सकाळी आठला पाठवलेला मेसेज, जसाच्या तसा:

मॅडम, आईने दीड वर्ष रविवारची गोळी संत्र्याच्या, संत्री नसली की मोसंबीच्या रसाने घेतली. तसं माझ्या कागदावरून झालं. चूक तिची नाही. औषध हरलं की अंगात उतरलंच नाही? "दुसरं काही" शोधायचं कारण अजून उरतं का? शनिवारचं इंजेक्शन द्यायचं, की आधी गोळी नीट घेऊन पाहायची? काल जिना उतरताना तिने पाठ धरली; दुखणं नवं की जुनं, माहीत नाही. आईला हे अजून सांगितलेलं नाही. तुमचं उत्तर आल्यावर मीच सांगेन. कृपया शुक्रवारी, १६ ला, संध्याकाळी सहापर्यंत कळवा.