लॅक्लन धारेवरून परत फिरला

टॉरिडन, रविवार

प्रिय कर्स्टी,

तू माझ्याकडे ठेवून गेलीस त्या फ्लॉसचं झकास चाललंय. टॉर्किलच्या खुर्चीतून ऊठ म्हटलं की बहिऱ्याचं सोंग घेते आणि मुटकुळं करून पडते. गेलेल्या लेकाच्या खुर्चीतून त्याची कुत्री उठवायचं माझ्याही जिवावर येतं.

काल तुझा लॅक्लन आला होता, इन्व्हर्नेसहून, एकटाच. तुला न सांगता आला म्हणून रागावू नकोस. दारात टोपी चुरगाळत म्हणाला, "मिसेस मॅकरे, तुमच्याशी बोलायचंय." मी म्हटलं, "बसून बोलायची सवय नाही मला. बूट आणलेत? चला मग डोंगरावर." खरं सांगते, त्याला दमवून परत पाठवायचा होता. तुझ्या आयुष्यात टॉर्किलच्या जागी दुसरा कुणी, हे मला सलत होतं.

ओढ्याकाठची चढण तो चढला. फ्लॉस पुढे, मागे त्याची धाप, आणि समोरच्या उतारावर माजावर आलेले हरणांचे नर डुरकत होते. सुट्या दगडांच्या घसाऱ्यावर फ्लॉसच्या पंजात खडा रुतला. त्याने तिला मांडीवर घेऊन तो हलकेच काढला. ती त्याला चावली नाही, याचाही मला राग आला.

मग धार लागली. दोन्हीकडे तुटलेले कडे, पार खाली शिशाच्या रंगाचं पाणी. आणि समुद्राकडून ढग असा चढला की चार पावलांवरची फ्लॉस दिसेना. माथा अगदी हाकेवर होता. मी म्हटलं, "आता इथून कोण परत फिरतं?"

लॅक्लन मटकन खाली बसला. "मी फिरतो," म्हणाला. "मला भीती वाटतेय. हसायचं तर हसा, पण तुम्हाला घेऊनच उतरणार." आणि शीळ घालून त्याने फ्लॉसला बोलावलं.

मला हसू आलं नाही. त्या फेब्रुवारीत याच धारेवर टॉर्किलला त्याच्या चढाईतल्या जोडीदाराने परत फिरू या म्हणून विनवलं होतं. माझं पोर हसलं आणि पुढे गेलं. जोडीदाराबरोबर फ्लॉस तेवढी घरी आली. माझ्या लेकाला भीती ठाऊकच नव्हती, असं मी आजवर अभिमानाने सांगत आले. काल लॅक्लनचा हात धरून उतरताना मला पहिल्यांदाच टॉर्किलचा राग आला, आणि मी हमसून रडले. लॅक्लनने थर्मासमधला चहा ओतून माझ्या हातात दिला आणि वारा लागू नये म्हणून त्या बाजूला उभा राहिला.

घरी आल्यावरही तो चुलीपाशी नुसता मोजे वाळवत बसला. काय बोलायचं होतं, ते शेवटी मीच विचारलं. तुझं त्याच्यावर मन आहे, पण माझ्याकडे बघून तू लग्नाला नाही म्हणतेस, एवढं त्याच्या तोंडून निघालं. अगं वेडे, सासूला वाईट वाटेल म्हणून कुणी एकटं राहतं का? त्याला हो म्हण. लग्न इथल्याच चर्चमध्ये करा. तुझी आई नाही, तिच्या जागी मी उभी राहीन. फ्लॉस मात्र मी देणार नाही. तिला भेटायला तुम्हा दोघांनाच यावं लागेल.

तुझीच,
इशबेल